ध्यानाला बसण्याआधी: बौद्ध साधनेची पायाभरणी, टप्प्याटप्प्याने

बहुतेकांची साधना आसनावर बसण्यापासून सुरू होते आणि दोन-तीन महिन्यांत तिथेच बंद पडते. पाय दुखतात, मन भटकतं, झोप येते. मग ‘आपल्याला ध्यान जमत नाही’ असं ठरवून माणूस उठतो. खरं तर बैठकीच्या आधी जे करायचं असतं, तेच राहून गेलेलं असतं.

मज्झिम निकाय या पाली ग्रंथातल्या गणकमोग्गल्लान सुत्तात (सुत्त म्हणजे उपदेश) श्रावस्तीला आलेला एक हिशेबनीस ब्राह्मण बुद्धांना थेट विचारतो: आम्ही शिष्याला गणित शिकवताना एकापासून सुरुवात करतो, तुमच्या धम्मात असा काही क्रम आहे का? उत्तरात क्रम स्पष्ट दिला आहे: शील, इंद्रियसंवर (इंद्रियांवर ताबा), भोजनात मात्रा, जागरण (जागं, सावध राहणं), सति-संपजञ्ञ (सजगपणा आणि समज) आणि मग एकांतातली बैठक. म्हणजे बैठकीचा नंबर सहावा. गृहस्थांना उपदेश करताना तर याच्याही आधी दान येतं. पुढचे टप्पे याच धाग्याने जातात. घरात पिढीजात वंदना असलेल्यांनी आणि शिबिर करून नव्याने आलेल्यांनी, दोघांनीही ते पहिल्यापासून घ्यावेत.

## तयारी: सुरुवातीच्या आठवड्यात एवढंच करा

१. पद्धत एकच ठरवा. एका गुरुपरंपरेत श्वास नाकपुडीपाशी पाहतात, दुसरीत पोटाची हालचाल पाहतात, तिसरीत श्वास मोजतात. तिन्ही चालतात, पण एकाच बैठकीत तिन्ही चालत नाहीत. मोबाइलवर रोज नवं प्रवचन ऐकून रोज पद्धत बदलणाऱ्याचं चित्त कुठेच बसत नाही. किमान सहा महिने एक धरा.

२. वेळ ठरवा आणि घरात सांगा. सकाळची वेळ उत्तम, कारण दिवसभराचं बोलणं डोक्यात साचलेलं नसतं. पण पाणी सकाळी सहाला येत असेल आणि हंडे तुम्हालाच भरायचे असतील तर साडेपाच किंवा सात निवडा. घरातल्यांना न सांगता दार लावून बसलात तर पहिल्या आठवड्यातच कुरबुर सुरू होते.

३. एक साधी वही ठेवा. रोज दोन ओळी पुरे: कोणतं शील डगमगलं आणि बैठक किती मिनिटांची झाली. अनुभव, प्रकाश, स्वप्नं यांची वर्णनं लिहू नका. मन लगेच त्यांच्या मागे लागतं.

४. मुहूर्त शोधू नका. तरीही आषाढी ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचा (भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा) काळ सोयीचा आहे. विहारात वाचन आणि वंदना नियमित चालू असतात, सोबत मिळते.

> सावधान: तीव्र नैराश्य, भ्रम, झटके अशा आजारांवर उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब बैठका किंवा शिबिर करू नका, आणि ध्यान सुरू केलं म्हणून गोळ्या बंद करू नका. शील, दान आणि मैत्रीचे टप्पे मात्र कुणालाही घेता येतात.

## टप्पा १: त्रिशरण आणि पंचशील (पहिले चार आठवडे)

महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत पंचशील लहान मुलांनाही पाठ असतं. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन (मृतांसाठीचा विधी), जयंती, प्रत्येक ठिकाणी ते म्हटलं जातं. अडचण अशी की ते एका दमात म्हटलं जातं आणि म्हणून झालं की संपतं.

म्हणण्याची रीत अशी ठेवा: ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ तीनदा. मग त्रिशरण (बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाणं) तीनदा, दुतियम्पि-ततियम्पिसह (‘दुसऱ्यांदा’, ‘तिसऱ्यांदा’). मग एकेक शील म्हणून झाल्यावर एक पूर्ण श्वास थांबा आणि कालचा दिवस आठवा. त्या शिलाच्या बाबतीत काय झालं? सगळ्याला मिळून पाच-सात मिनिटं लागतात. दोन मिनिटांत उरकत असाल तर ते नुसतं पाठांतर झालं.

आता हद्दी समजून घ्या. लोक इथे दोन टोकांना जातात: काहींना पायाखाली मुंगी आली तरी शील मोडल्यासारखं वाटतं, तर काहींना काहीच मोडल्यासारखं वाटत नाही.

पाणातिपाता (जीव मारणं): अट्ठकथांत (सुत्तांवरच्या जुन्या भाष्यांत) याचे पाच भाग सांगितले आहेत. समोर जीव असणं, तो जीव आहे हे कळणं, मारण्याची इच्छा, प्रयत्न आणि त्यातून मृत्यू. पाचही असले तरच शीलभंग. नांगरताना किंवा चालताना नकळत मेलेला किडा यात येत नाही. उंदराला चिकटपट्टी लावणं मात्र येतं. जिवंत पकडणारा पिंजरा बाजारात मिळतो, तो आणून उंदीर लांब सोडून या.

अदिन्नादाना (न दिलेलं घेणं): दुसऱ्याची वस्तू, ती दुसऱ्याची आहे ही जाणीव, चोरीची बुद्धी, प्रयत्न आणि घेणं. ऑफिसातून घरी आणलेला कागदांचा गठ्ठा, विजेच्या तारेवर टाकलेला आकडा, शेताचा बांध दरवर्षी वीतभर सरकवणं, हे सगळं यातच.

कामेसु मिच्छाचारा: कुणाचा विश्वासघात करून किंवा कुणावर दबाव आणून ठेवलेले संबंध. इथे पळवाटा शोधू नका.

मुसावादा (खोटं बोलणं): हे शील सगळ्यात जास्त वेळा मोडतं आणि सगळ्यात कमी लक्षात येतं. खोटी गोष्ट, फसवण्याची इच्छा, तसा प्रयत्न आणि समोरच्याला ते समजणं, हे चार भाग. फोन येतो, ‘कुठे पोचलास?’ तुम्ही अजून घरात चप्पल शोधताय आणि तोंडातून निघतं, ‘निघालोय, दहा मिनिटांत आलोच.’ चारही भाग पूर्ण झाले. सम्यक वाणीत चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबड टाळणंही येतं. खात्री न करता पुढे ढकललेला व्हॉट्सअॅप संदेश याच यादीत धरा.

सुरामेरयमज्ज (दारू आणि नशा): ‘फक्त लग्नात’, ‘फक्त थर्टीफर्स्टला’ असं चालत नाही. शील घेतलं की ते त्या रात्रीही असतं. गुटखा-तंबाखू यात येतो की नाही यावर वाद घालत बसू नका. ज्याच्यावाचून बसवत नाही ते सोडल्याशिवाय बैठक टिकत नाही, एवढं पुरे.

सराव असा: पाचही शिलं रोज घ्या, पण दोन आठवडे लक्ष एकावरच ठेवा, जे तुमचं सगळ्यात कच्चं आहे त्यावर. बुद्धांनी आपला मुलगा राहुल याला दिलेल्या उपदेशातली कसोटी वापरा: कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासायचं, यातून मला किंवा दुसऱ्याला पीडा होते का? काया आणि वाणीची चूक झाली असेल तर ती जाणत्या माणसाजवळ उघड सांगायची आणि पुढे आवरायची. मनातली चूक असेल तर तिची लाज धरायची आणि सावध व्हायचं. शील पुन्हा घ्यायचं आणि पुढे जायचं. आठवडाभर स्वतःला कोसत राहण्याचा यात काही भाग नाही.

शील आधी का, याचं उत्तर अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात बुद्धांचे शिष्य आनंद यांच्या प्रश्नावर आलं आहे. शिलातून पश्चात्तापाचा अभाव येतो, त्यातून प्रमोद, मग प्रीती, शरीर-मनाची शांती, सुख आणि सुखातून समाधी. कडी तुटते ती पहिल्याच जागी. काल भावाशी जमिनीवरून खोटं बोललेला माणूस आज आसनावर बसला की श्वासाऐवजी तेच भांडण पाहत बसतो.

तपासा: गेल्या सात दिवसांत वहीत ‘मुसावादा’पुढे एकदाही नोंद नसेल तर शील पक्कं झालं असं समजू नका. बहुधा पाहणं थांबलंय.

उपजीविका: शस्त्रं, प्राणी, मांस, दारू आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असं सुत्तात सांगितलं आहे. घर त्यावरच चालत असेल तर एका रात्रीत दुकान बंद करून पोरांना उपाशी ठेवू नका. बाहेर पडण्याची तारीख ठरवा आणि त्या दिशेने दर महिन्याला एक पाऊल टाका.

## टप्पा २: दान (टप्पा १ सोबतच)

रक्कम लहान आणि ठरलेली ठेवा. महिन्याच्या पगारातून आधी बाजूला काढायची, ‘उरलं तर देऊ’ असं नको. पैसे नसतील तर विहाराची झाडलोट, अभ्यासिकेत दोन तास, आजाऱ्याला दवाखान्यात नेणं.

देण्याआधी मन आनंदी, देताना प्रसन्न, दिल्यावर समाधानी: सुत्तात सांगितलेल्या या तीन खुणा तपासा. तिसरी बहुतेकदा हुकते. देऊन झाल्यावर ‘पावतीवर नाव का नाही’ असं मनात आलं तर वहीत लिहा. कर्ज काढून दान करू नका, आणि घरातले नाराज असताना त्यांच्या वाट्याचं देऊ नका.

## टप्पा ३: इंद्रियसंवर, जेवण आणि झोप (पाचवा ते आठवा आठवडा)

१. डोळे आणि कान. उठल्यावर पहिला अर्धा तास आणि झोपण्याआधी एक तास फोन दुसऱ्या खोलीत. गजराचं साधं घड्याळ आणा, नाहीतर ‘गजर बंद करायला’ म्हणून फोन हातात येतो आणि वीस मिनिटं जातात. दिवसा जे दिसतं ते पाहायचं, पण त्यातल्या आवडत्या-नावडत्या तपशिलांना चिकटायचं नाही.

२. जेवण. थेरगाथेत (भिक्खूंच्या गाथांच्या ग्रंथात) बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांनी माप दिलं आहे: चार-पाच घास उरले असताना थांबा आणि पाणी प्या. कोसलनरेश पसेनदी पोट फुगेपर्यंत जेवून धापा टाकत बुद्धांकडे आला होता. बुद्धांनी मात्रेची गाथा सांगितली, राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणवून घेतली; हळूहळू त्याचं जेवण कमी झालं. तुम्ही सुरुवात रात्रीच्या जेवणापासून करा. साडेनऊला पोटभर भाकरी-पिठलं आणि पहाटे पाचला बैठक, हे जुळत नाही.

३. झोप. ठरलेल्या वेळी, उजव्या कुशीवर, उठायची वेळ मनात धरून. पहाटेची बैठक सुरू करताना झोपेचा तास कापू नका. रात्रीची मालिका कापा.

> सावधान: मधुमेह, गर्भारपण किंवा वेळेवर जेवून घ्यायची औषधं असतील तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

## टप्पा ४: कामात सति-संपजञ्ञ

दिवसभर सजग राहायचं ठरवलं की दुपारपर्यंत विसरतं. म्हणून रोजची तीनच कामं निवडा: दात घासणं, जिना चढणं, भांडी घासणं. तेवढा वेळ हात काय करतोय हे माहीत असू द्या. मनातल्या मनात ‘घासतोय, घासतोय’ म्हणायची गरज नाही. दोन आठवड्यांनी चौथं काम जोडा: फोन उचलण्याआधी एक श्वास. पहिल्या टप्प्यातलं ‘दहा मिनिटांत आलोच’ थांबवायला सगळ्यात जास्त उपयोग याचा होतो.

## टप्पा ५: बैठक, म्हणजे आनापानसति, श्वासावरची सजगता (नवव्या आठवड्यापासून)

जागा आणि आसन

- चादरीची घट्ट घडी किंवा उशी, साधारण चार-पाच बोटं उंच. कुल्ले गुडघ्यांपेक्षा वर हवेत, नाहीतर कंबर मागे कलते आणि दहा मिनिटांत पाठ भरून येते.
- गुडघा जमिनीला टेकत नसेल तर त्याखाली टॉवेल सरकवा. पद्मासनाचा हट्ट नको. साधी मांडी पुरे. गुडघेदुखी असेल तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर, पाठ टेकवायची नाही.
- पंखा थेट तोंडावर नको, नाकपुडीवरचा श्वासाचा स्पर्श कळत नाही.
- जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्या.

क्रम

१. त्रिशरण, पंचशील. मग ‘इतकी मिनिटं बसेन’ असं ठरवून घड्याळ लावा. सुरुवातीला दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. दर दोन आठवड्यांनी पाच मिनिटं वाढवा. चाळीस मिनिटं एकदा बसण्यापेक्षा वीस मिनिटं दोनदा बरं.

२. डोळे मिटा. कपाळ, जबडा, खांदे, पोट या क्रमाने ताण सोडा. पोट आत ओढून धरण्याची सवय खूप जणांना असते.

३. श्वास आपोआप येऊ-जाऊ द्या. हा प्राणायाम नव्हे. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड, एवढं जाणा. श्वास ओढूनताणून लांब केल्याची खूण म्हणजे बैठकीनंतर डोकं जड होणं.

४. मन फारच भटकत असेल तर मोजणी घ्या. विशुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथातला नियम: पाचाच्या आत थांबायचं नाही, दहाच्या पुढे जायचं नाही, मधला आकडा गाळायचा नाही. चुकलं की पुन्हा एकपासून. मन थोडं बसलं की मोजणी सोडा. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्राच्या परंपरेत शिकला असाल तर तिथे श्वासाला शब्द किंवा आकडा जोडत नाहीत. तुम्ही हा भाग वगळा.

५. मन गेलं हे लक्षात आलं, की ते कुठे गेलं होतं याची चौकशी न करता परत श्वासावर. वीस मिनिटांत पन्नास वेळा परतलात तर बैठक वाया गेली नाही. पन्नास वेळा सराव झाला.

६. काही आठवड्यांनी श्वासासोबत सगळं शरीर जाणवू द्या आणि शरीराची खळबळ निवू द्या. आनापानसतिच्या सोळा पायऱ्यांतली ही पहिली चौकडी. सहा महिने एवढ्यावरच राहिलात तरी घाई झाली नाही इतकंच. उरलेल्या बारा पायऱ्या पुस्तकातून करू नका, शिक्षकाकडून घ्या.

> सावधान: पायाला मुंग्या येणं, जडपणा चालतो, उठल्यावर दोन-तीन मिनिटांत जायला हवा. गुडघ्याच्या आत टोचणारी कळ आली तर त्याच क्षणी पाय सोडा. ती सहन करण्यात कुठलीही पारमी (पूर्णत्वाकडे नेणारा गुण) नाही.

अडथळे आणि त्यांवरचे उपाय

*थीनमिद्ध, म्हणजे सुस्ती.* बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान (सुरुवातीचा ब्राह्मण नव्हे) डुलक्या घेत असताना बुद्धांनी त्यांना सांगितलेले उपाय क्रमाने करा: ज्या विचाराने झोप येते तो सोडा, शिकलेला धम्म मनात आठवा, मोठ्याने म्हणा, कान ओढा, अंग चोळा, उठून डोळ्यांवर पाणी मारा आणि आकाशाकडे पाहा, प्रकाशाची कल्पना करा, चाला, आणि तरीही जमत नसेल तर उजव्या कुशीवर सजगपणे झोपा. रोजच शेवटच्या उपायावर येत असाल तर टप्पा ३ कडे परत जा, झोप कमी पडतेय.

*उद्धच्च-कुक्कुच्च, म्हणजे चंचलता आणि रुखरुख.* नुसती चंचलता असेल तर मोजणी. एकच जुनी गोष्ट पुन्हा पुन्हा वर येत असेल तर ती टप्पा १ ची उधारी आहे. उठल्यावर त्या माणसाला फोन करा, पैसे परत करा, माफी मागा. कितीही बसलात तरी ती श्वासाने फिटत नाही.

*कामच्छंद आणि व्यापाद.* हव्यासाला इंद्रियसंवर, रागाला पुढचा मैत्रीचा टप्पा. राग फार असेल त्या दिवशी बैठकीची सुरुवातच मैत्रीने करा.

*विचिकिच्छा.* शंका वहीत लिहा आणि शिक्षकांना विचारा. बैठकीत तिचं उत्तर शोधू नका.

आणि जोर किती लावायचा? सोण नावाच्या भिक्खूने चालून चालून पाय रक्तबंबाळ केले, तरी चित्त मोकळं होईना. पूर्वी तो वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला तारेचंच विचारलं, फार ताणलेली वाजते का, फार सैल वाजते का? बैठकीनंतर चिडचिड वाढत असेल तर तार ताणली आहे. दर बैठकीत तंद्रीच लागत असेल तर सैल आहे.

तपासा: प्रगती डोळे मिटल्यावर काय दिसलं यावरून ठरवू नका. घरातल्या माणसाला महिन्यातून एकदा विचारा, ‘माझं ओरडणं कमी झालंय का?’ उत्तर ऐकताना वाद घालू नका.

## टप्पा ६: मैत्री (बैठकीच्या शेवटची पाच मिनिटं)

मैत्री म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं; क्रम चुकला की ती कोरडी होते. आधी स्वतः. मग ज्याच्याबद्दल आदर आहे असा उपकारकर्ता, मग जिवलग, मग ज्याच्याशी घेणं-देणं नाही असा माणूस (रोजचा रिक्षावाला, दूधवाला), आणि शेवटी वैरी. पहिल्याच दिवशी वैऱ्यापासून सुरू केलं तर मैत्रीच्या नावाखाली पाच मिनिटं राग घोटला जातो. विशुद्धिमग्गात आणखी दोन सूचना आहेत: मृत व्यक्तीला विषय करू नये, आणि ज्याच्याविषयी कामभाव उपजू शकतो त्याला सुरुवातीला निवडू नये. गेलेल्या आई-वडिलांसाठी पुण्यानुमोदन वेगळं आहे, ते जरूर करा.

‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’ (सगळे जीव सुखी होवोत) म्हणताना सगळ्या विश्वाकडे धावण्याआधी एक चेहरा स्पष्ट समोर आणा. तो बसला की पुढचा.

## टप्पा ७: उपोसथ आणि मग शिबिर

तीन-चार महिने वरचं नियमित झालं की महिन्यातून एक दिवस, पौर्णिमेला, अष्टशील (आठ शिलं) घ्या; हाच उपोसथ. पहाटेपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत: तिसऱ्या शिलाच्या जागी पूर्ण ब्रह्मचर्य, मध्यान्हीनंतर जेवण नाही, नाच-गाणी-तमाशे आणि दागिने-सुगंध नाहीत, उंच-ऐसपैस बिछाना नाही. दुपारी बारापर्यंत साधं जेवण उरका, नंतर पाणी. दुपारनंतरचा वेळ मोकळा सोडलात तर तो टीव्ही खातो, म्हणून आधीच वाचन आणि दोन बैठका आखून ठेवा. उपोसथ मोडला तर दुसऱ्या दिवशी ‘भरपाई’ नको, पुढच्या पौर्णिमेला पुन्हा घ्या.

दहा दिवसांचं शिबिर याच्यानंतर. धम्मगिरीसारख्या केंद्रांत पहिले तीन दिवस आनापान, चौथ्या दिवशी विपश्यना (शरीरातल्या संवेदना पाहणं) आणि दहाव्या दिवशी मैत्री असा क्रम असतो. पहाटे चारला उठावं लागतं, बोलणं बंद असतं, फी नसते. उपोसथाच्या दिवशी ज्याला बारानंतर जेवणाशिवाय आणि फोनशिवाय राहता येतं, तो पहिल्या तीन दिवसांत पिशवी भरून परत निघत नाही. अर्ज भरताना आजार आणि औषधं लपवू नका. ते मुसावादाही आहे आणि धोक्याचंही.

परत आल्यावरचे पहिले सात दिवस नाजूक असतात. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलेलं असतं. दोन्ही जमत नसतील तर वेळ कमी करा, पण बैठक एकही गाळू नका. त्या आठवड्यात नोकरी सोडण्याचे, घर सोडण्याचे निर्णय घेऊ नका आणि नातेवाइकांना शिबिराला पाठवण्याच्या मागे लागू नका. आणि कधी महिना-दोन महिने सगळंच सुटलं तर तासाच्या बैठकीने पुन्हा सुरुवात करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडा, तारीख टाका, त्रिशरण-पंचशील सावकाश म्हणा आणि दहा मिनिटं बसा.